संमतीपत्रावरील स्वाक्षरी

लेकराच्या वतीने आईवडिलांना कितीतरी निर्णय घ्यावे लागतात. त्याचे नाव काय ठेवावे, त्याला मराठी शाळेत घालावे की इंग्रजी, त्याने व्हायोलिन शिकावे की तबला, यांपैकी एकाही बाबतीत आपण त्याला फारसे विचारलेले नसते आणि त्याची आपल्याला रुखरुखही लागत नाही. कारण हे निर्णय चुकले तरी पुढे सावरता येतात. परंतु एक कागद असा आहे की, त्यावर सही करताना भल्या धीराच्या बापाचाही हात थबकतो. तो कागद म्हणजे शस्त्रक्रियेचे संमतीपत्र. जोखीम लेकराची आणि सही आपली! या विसंगतीचा नैतिक अर्थ काय, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे. तो विचार अधांतरी राहू नये म्हणून एक प्रसंग डोळ्यांसमोर ठेवू.

समजा, नऊ वर्षांचा एक मुलगा सायकलवरून पडला. डोक्याला मार लागला म्हणून मेंदूची तपासणी केली. मार किरकोळच निघाला; परंतु त्या चित्रात डॉक्टरांना भलतेच काही दिसले. मेंदूतील एका धमनीची भिंत एके ठिकाणी अशक्त होऊन तिला लहानसा फुगा आला होता. वैद्यकात याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. मुलाला कसलाच त्रास नाही. तो शेजारच्या खोलीत भूक लागल्याची तक्रार करीत बसला आहे, आणि आतल्या खोलीत डॉक्टर त्याच्या आईवडिलांना सांगत आहेत, "हा फुगा जन्मभर तसाच राहील किंवा एखाद्या दिवशी फुटेल. काय करायचे ते तुम्ही ठरवायचे आहे."

फुगा फुटलेला असता तर हा प्रश्न इतका अवघड झाला नसता. एकाएकी असह्य डोकेदुखी, वांत्या, मान ताठ होणे, शुद्ध हरपणे अशी लक्षणे दिसताच मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. कारण एकदा रक्तस्राव झालेला फुगा पुन्हा फुटण्याची भीती पहिल्या काही दिवसांतच सर्वांत जास्त असते. तेथे विलंब हाच शत्रू. खरा पेच पडतो तो न फुटलेल्या फुग्याच्या बाबतीत.

मुलांमध्ये हा विकार फार विरळा. आढळणाऱ्या एकूण अ‍ॅन्युरिझमांपैकी मुलांचे प्रमाण शंभरात पाचांच्या आतच असते. शिवाय मुलांचा विकार म्हणजे मोठ्यांच्या विकाराची छोटी आवृत्ती नव्हे. मोठ्यांमध्ये तो स्त्रियांत अधिक आढळतो, तर लहान वयात मुलग्यांत. पंचवीस मिलिमीटरहून मोठे, म्हणजे ज्यांना महाकाय म्हणतात असे फुगे मुलांत तुलनेने अधिक. मोठ्यांच्या धमन्या धूम्रपानाने आणि वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने झिजतात. मुलाच्या बाबतीत धमनीची उपजत दुर्बलता, डोक्याला झालेली इजा, धमनीच्या भिंतीला पडलेली चीर किंवा हृदयाच्या बिघडलेल्या झडपेवरून रक्तावाटे मेंदूत गेलेला जंतुसंसर्ग, अशी निराळीच कारणे असतात. कित्येकदा तर कारण सापडतच नाही.

उपाय आहेत. १९३७ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे वॉल्टर डँडी या शल्यविशारदाने कवटी उघडून अशा फुग्याच्या मानेवर चांदीचा चिमटा बसविला आणि धमनी शाबूत ठेवून फुगा बंद केला. पुढे १९९० च्या सुमारास ग्विडो गुग्लिएल्मी या इटालियन डॉक्टरांनी लॉस एंजलिस येथे दुसरी वाट रूढ केली. जांघेतील धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरायची. त्यानंतर रक्ताचा प्रवाह फुग्यापासून वळविणाऱ्या जाळीदार नळ्या आल्या. अशा एका नळीला २०११ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, ती प्रौढांसाठी. मूल वाढते, त्याची धमनी वाढते. धातूची नळी मात्र वाढत नाही.

येथेच पेचाचे मूळ आहे. चिमटा बरा की वेटोळे बरे, यावरचा २००२ साली प्रसिद्ध झालेला मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास २,१४३ रुग्णांचा होता, तो प्रौढांचा. न फुटलेला फुगा पाच वर्षांत फुटण्याची शक्यता किती, हे सांगणारी २०१४ सालची गुणपद्धती ८,३८२ रुग्णांच्या माहितीवरून बांधली, तीही प्रौढांच्या. विकार इतका विरळा की, मुलांचे तसे अभ्यास उभे करणे कठीण. तेव्हा नऊ वर्षांच्या मुलाविषयी बोलताना अत्यंत प्रामाणिक डॉक्टरसुद्धा बरेचसे उसन्या ज्ञानावर बोलत असतो.

आता हिशेब करून पाहू. केवळ समजण्यासाठी धरून चालू की, फुगा फुटण्याची शक्यता दरवर्षी शंभरात एक आहे. हा आकडा कोणत्याही प्रत्यक्ष मुलाचा नव्हे. ज्यांना आणखी पंधरा वर्षे आयुष्य आहे अशा आजोबांच्या बाबतीत ही जोखीम एकूण शंभरात चौदा होते. ज्याच्यापुढे साठ वर्षे आहेत त्या नातवाच्या बाबतीत तीच शंभरात पंचेचाळीस होते. ज्या फुग्याकडे आजोबांनी दुर्लक्ष करावे, तोच नातवाच्या डोक्यात असेल तर दुर्लक्ष करता येत नाही. मात्र उपचाराची जोखीम अशी साठ वर्षांवर पसरलेली नसते. ती आज, या टेबलावर, एकाच सकाळी सोसावी लागते.

अशा वेळी माणसाचे मन एका समजुतीचा आसरा घेते. 'आपण काही केले आणि वाईट झाले, तर दोष आपला. काही न करता वाईट झाले, तर ते दैव.' ही समजूत फार जुनी आहे आणि तिच्यात थोडे तथ्यही आहे. मारणे आणि मरू देणे यांत नीतिशास्त्राने नेहमीच फरक केला आहे. परंतु ज्याला धोका ठाऊक आहे आणि तो टाळण्याचे साधनही जवळ आहे, त्याचे थांबणे हा निर्णयच असतो. फाइल कपाटात ठेवून विसरून जाणे आणि ठरल्या वेळी पुन्हा तपासणी करीत जागरूकपणे थांबणे, या दोन्हींना आपण 'काही न करणे' असे एकच नाव देतो, ही भाषेची गफलत आहे.

थांबण्याचे मोल काय असू शकते, याचा एक दाखला पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात मिळतो. नवजात बालकांमध्ये एक विकार असतो. मेंदूतील धमन्यांचे रक्त केशवाहिन्या चुकवून थेट एका मोठ्या शिरेत कोसळते, शीर फुगते आणि बाळाचे हृदय थकून जाते. पूर्वी याला गेलेनच्या शिरेचा अ‍ॅन्युरिझम म्हणत. अशी बाळे एके काळी बहुधा दगावत. पिएर लाझोनियास (१९४८-२००८) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळाचे हृदय, मेंदू, श्वसन, यकृत व मूत्रपिंडे पाहून एकवीस गुणांची कसोटी तयार केली. गुण आठ ते बारा असतील तर ताबडतोब उपचार. बाराहून अधिक असतील तर औषधांवर सांभाळून सुमारे पाच महिन्यांपर्यंत थांबायचे. आणि आठांहून कमी असतील तर हा उपचार करायचाच नाही, कारण अशा बाळाच्या मेंदूची व इतर अवयवांची हानी भरून येण्यापलीकडे गेलेली असते. त्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अनुभवानुसार उपचार झालेल्या बालकांपैकी दहांतील एक दगावले. जी वाचली त्यांतील जवळजवळ तीनचतुर्थांश मुलांच्या मेंदूचे कार्य सर्वसाधारण राहिले. हात केव्हा घालावा, केव्हा रोखून धरावा आणि केव्हा जोडावेत, या तिन्ही गोष्टी त्या यशात सामावलेल्या होत्या.

ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्राला हा विचार परका नाही. जीव वाचविण्यासाठी माणसाने किती करावे, हा प्रश्न सोळाव्या शतकातील स्पॅनिश डोमिनिकन पंडितांनीही हाताळला होता. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना पोप पायस बारावे यांनी तो स्पष्ट केला. व्यक्ती, स्थळ, काळ पाहून जी साधने साधारण ठरतात तेवढीच वापरण्याचे बंधन असते. स्वतःवर किंवा दुसऱ्यावर असह्य भार टाकणारी साधने वापरण्याचे बंधन नसते. १९८० साली रोमहून निघालेल्या निवेदनाने उपचाराची गुंतागुंत, धोका, खर्च आणि अपेक्षित फळ यांचे प्रमाण पाहावयास सांगितले. खर्चाचा उल्लेख कोणाला कोरडा वाटेल. पण वाडी विकून उपचार करू की नको, या विचाराने रात्र जागून काढलेल्या घराला तो कोरडा वाटणार नाही. तो प्रश्न मनात आला म्हणजे लेकरावरची माया आटली असे होत नाही. आणि तो भार त्या घराने एकट्याने वाहावा, असेही कोणत्या नीतिशास्त्राने सांगितलेले नाही.

आईवडील जोखमीचे मालक नसतात, विश्वस्त असतात. विश्वस्ताकडून आपण काय अपेक्षितो? पावसाळा चांगला जावा याची हमी तो देऊ शकत नाही. त्याने डोळे उघडे ठेवून कारभार करावा एवढेच आपण मागतो. कायद्याची भूमिकाही अशीच आहे. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, पालकाच्या संमतीने आणि सद्भावाने केलेल्या कृतीला जुन्या भारतीय दंडसंहितेच्या ८९ व्या कलमाने संरक्षण दिले होते. आता भारतीय न्याय संहितेच्या २७ व्या कलमात तेच आले आहे. सद्भाव म्हणजे नुसता चांगला हेतू नव्हे, योग्य ती काळजी व लक्ष देऊन केलेली कृती, हेही कायद्याने सांगून ठेवले आहे. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतले का? अशा मुलांवर उपचार करण्याचा अनुभव जेथे आहे, तेथे विचारले का? 'तिन्ही वाटांवर काय काय बिघडू शकते?' हा नको असलेला प्रश्न धीर करून विचारला का? आईबापांची परीक्षा व्हायचीच असेल तर ती या प्रश्नांवर व्हावी.

आपण मात्र ती निकालावर घेतो. मूल हसत घरी आले की आईबाप शहाणे, आले नाही की, "उगाच चिरफाड केली," किंवा "थांबलेच कशाला?" मयताच्या घरी सांत्वनाला गेलेली माणसेच हे बोलताना आम्ही ऐकले आहे. निर्णयाच्या दिवशी जे कोणालाच ठाऊक नव्हते, ते निकालानंतर सर्वांना ठाऊक असते. पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, असा प्रश्न शिष्यांनी जन्मांध माणसाकडे पाहून प्रभूला केला होता. योहानाच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात प्रभूने दोघांनाही दोषमुक्त केले. ते उत्तर आपण प्रवचनात दरवेळी ऐकतो आणि तोच प्रश्न ओटीवर बसून पुन्हा विचारतो.

विश्वस्ताचे काम सहीने संपत नाही. मुले या आजारातून सर्वसाधारणपणे मोठ्यांपेक्षा चांगली सावरतात, हे खरे. तरी रक्तस्राव झालेल्या काही मुलांना पुढे अभ्यासात, स्मरणात, एकाग्रतेत अडचणी येतात, आणि शाळा त्याला आळस म्हणते. बंद केलेला फुगा काही वर्षांनी पुन्हा भरू शकतो. दुसरीकडे नवा उद्भवू शकतो. म्हणून तपासण्या वर्षानुवर्षे चालू ठेवाव्या लागतात. आणि मूल जसजसे कळते होईल तसतसे त्याला त्याच्या डोक्यातील गोष्ट त्याच्या वयाच्या भाषेत सांगावी लागते. त्याला भिववू नये, पण अंधारातही ठेवू नये.

अठरा वर्षे पूर्ण होतील त्या दिवशी त्या मुलाच्या हाती त्याची फाइल द्यावी. तिच्यात तपासणीची चित्रे असतील, डॉक्टरांची पत्रे असतील, आईबापांच्या सहीचा तो कागदही असेल. त्यासोबत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले एक पान असावे, असे आम्हांला वाटते. त्या दिवशी आम्हांला काय ठाऊक होते, काय ठाऊक नव्हते, आणि तरीही आम्ही हे का ठरविले, एवढेच त्यात लिहावे. यापुढच्या कागदावर सही त्याची असेल.