शिगेची पायली

जुन्या घराचा माळा उतरवला तेव्हा सागवानाच्या चार चांगल्या फळ्या निघाल्या. म्हटलं, पुस्तकांना कपाट करू. उभ्या बाजू सागवानाच्या, आडवे कप्पे प्लायवुडचे. सुतारकामाची मला थोडी हौस, म्हणून मिस्त्री यायच्या आधीच मी बाजूंना खाचा पाडून ठेवल्या. बरोबर १९ मिलिमीटरच्या. कारण प्लाय १९चं घ्यायचं ठरलं होतं.

नारायणगावातून शीट आणलं, कापलं, खाचेत बसवलं, तर फळी म्हाताऱ्याच्या दातासारखी हलायला लागली. मी दुकानदाराच्या नावानं बोटं मोडली. मिस्त्री हसला. म्हणाला, "तात्या, प्लायवर लिहिल्यालं असतं ते त्याचं नाव. माप न्हाई. आधी शीट आणायचं, मोजायचं, मग खाच पाडायची."

त्याचं म्हणणं खरं होतं. प्लाय म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे आडवे-उभे चिकटवून, गरम दाबाखाली दाबून केलेली फळी. दाब कमी-जास्त पडतो, वरून घासताना थोडं जातं, पावसाळ्यात थोडं फुगतं. शीट आठ बाय चार फुटांचं म्हणतात, पण त्याचं माप २४४० बाय १२२० मिलिमीटर; म्हणजे आठ फुटांपेक्षा केसभर जास्तच. तरी त्यातून दोन-दोन फुटांचे चार तुकडे पुरे निघत नाहीत. तीन काप घ्यावे लागतात, प्रत्येक काप तीनेक मिलिमीटर भुसा करतो. मिस्त्री म्हणतो, "करवतीलाबी बलुतं द्यावं लागतं." त्यात कुणाची लबाडी नाही.

सरकारी नियमालाही हे ठाऊक आहे. साध्या प्लायचं मानक आयएस ३०३. त्यात १९च्या शीटला जाडीत शेकडा पाच कमी किंवा पाच जास्त चालतं. म्हणजे १८ च्या थोडं वरपासून २० च्या थोडं खालपर्यंत. कमी किंवा जास्त, दोन्ही. हा शब्द महत्त्वाचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं परत दुकानात गेलो. तिथं १९ म्हणून विकायची दहा शीटं एकावर एक ठेवलेली होती. मिस्त्रीनं काही न बोलता टेप उभा धरला. १९० भरायला हवं होतं. १७६ भरलं. एखादं शीट कमी असतं तर म्हटलं असतं, चालायचंच. पण चूक खरोखर चूक असती तर एक कमी, एक जास्त, अशी दहांत मिळून गेली असती. इथं दहाही शीटं एकाच अंगाला कलली होती. दुकानदार म्हणाला, "वरूनच असं येतं. सगळीकडं हेच." प्लाय चौरस फुटावर विकतात. लांबी-रुंदी गिऱ्हाईक मोजतं. जाडी विश्वासावर घेतो. कमी नेमकं तिथंच होतं.

परत येताना मी तावातावानं बोलत होतो. कांद्याच्या गोणीमागं कापला जाणारा कडता, टोमॅटोच्या कॅरेटचं वजन, सगळं बाहेर काढलं. मिस्त्री गप्प. मग सहज म्हणाला, "आमचं आबा खळ्यावरनं बलुतं आणायचं ना, तुमच्या खळ्यावरच्या चार पायल्या घरी साडेतीनच भरायच्या."

मी एकदम गप्प झालो. कारण मला ते माहीत होतं.

१९५८ पासून देशात किलोची वजनं आली, पण आमच्या पिंपळवंडीत खळ्यावर पुढं कितीतरी वर्षं पायलीच चालली. पायली म्हणजे चार शेर. पण ती भरायच्या दोन रीती. एक सपाट: वरून हात फिरवून काठाबरोबर करायची. दुसरी शिगेची: वर ढीग राहील तेवढा राहू द्यायचा. बहात्तरच्या दुष्काळात वडिलांनी दोघा-तिघांना उसनी बाजरी दिली ती सपाट. पुढच्या साली परत घेतली ती शिगेनं. बलुतेदाराला घालताना सपाट, त्यातही हात जरा खोल फिरायचा. पायली तीच. मोजणी मोठ्यानं, साऱ्यांसमोर. तोंडातला आकडाही खरा. मी दहा-बारा वर्षांचा, पोत्याचं तोंड धरून उभा असायचो. हात कसा फिरतो ते दिसायचं. मी कधी बोललो नाही, आणि ती बाजरी मीही खाल्ली.

वडील वाईट नव्हते. दारी आलेल्याला त्यांनी उपाशी पाठवलं नाही. त्यांना विचारलं असतं तर तेही म्हणाले असते, "सगळीकडं हेच." दुकानदार तरी दुसरं काय म्हणाला?

तेव्हापासून मला वाटतं, मापात चूक होणं हे पाप नाही. लाकूड फुगतं, करवत खाते, माणसाचा हात थरथरतो. ज्याला तंतोतंत माप हवं त्यानं जगात राहूच नये. पण स्वतःच्या चुकांची कधीतरी चवड रचून बघावी, त्या दहा शीटांसारखी. काही माझ्या बाजूला, काही समोरच्याच्या बाजूला पडल्या असतील तर त्या चुका. सगळ्याच माझ्या बाजूला पडल्या असतील तर त्याला दुसरं नाव आहे. आणि त्या बहुधा अशाच माणसावर पडतात, ज्याच्या हातात टेप नसतो, किंवा असला तरी धरायची सोय नसते. आबांना खळ्यावर पायली पुन्हा मोजा म्हणायची सोय नव्हती.

मिस्त्रीनं खाचांत सागवानाच्या पातळ पट्ट्या ठोकून फळ्या घट्ट केल्या. मजुरी झाली ४,७५०. अशा वेळी "वरचे सोड" म्हणायची आमची जुनी सवय. तीही कायम एकाच अंगाची. मी ४,८०० दिले.

"वरचं पन्नास कशाचं?" त्यानं विचारलं.

"शिगेचं," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि पैसे खिशात घातले. पन्नास रुपयांत आबांची बाजरी फिटत नाही, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.