छतापर्यंत मोजलंस?

बसू नकोस. आधी सुरक्षा समितीचं हे इतिवृत्त उचल आणि तुझी सही कुठे आहे ते दाखव. शुद्धलेखन तपासायला आणलंस ना? शुद्धलेखन उत्तम आहे. गणित चुकलंय.

पॅकिंग खातं वीस मीटर लांब, नऊ रुंद, सहा उंच. घनफळ 1080. माणसं 70. कारखाने अधिनियमाच्या सोळाव्या कलमाप्रमाणे माणशी 14.2 घनमीटर जागा हवी. म्हणजे 76 माणसं मावतात, सबब 'गर्दी नाही'. मॅनेजरने हिशेब मांडला आणि तू खाली सही ठोकलीस! ते कलम पुढे वाचलंस? जमिनीपासून 4.2 मीटरच्या वरची जागा धरायचीच नाही, असं त्यात स्पष्ट आहे. माणूस छताला लटकून श्वास घेत नाही, गाढवा. वीस गुणिले नऊ गुणिले 4.2 म्हणजे 756. त्याला 14.2 ने भाग. त्रेपन्न! सतरा डोकी जास्त. आणि हे माप साध्या दिवसांचं, 2021 च्या या कोरोना साथीचं नव्हे.

गेटवरचं ताप मोजायचं पिस्तूल आणि सॅनिटायझरची बाटली यांवर अर्धं पान खर्ची घातलंस. ताप नसलेल्याकडूनही कोरोना होतो, हे गेलं वर्षभर शेंबडं पोरही सांगतंय. एक्झॉस्ट पंखे बंद आहेत, त्यावर ओळ नाही. कंत्राटी पोरांच्या खचाखच बसबद्दल विचारलं तर म्हणतोस, "सर, ते आपले सभासद नाहीत." विषाणू वर्गणीची पावती बघून शिरतो का रे?

समितीतली तुझी खुर्ची फुकटची नाही. भोपाळला विषारी वायूने माणसं मेली, तेव्हा कुठे 1987 साली सुरक्षा समिती कायद्यात आली. तुमच्यासारख्या रंगाच्या कारखान्यात तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी व्यवस्थापनाइतकेच. "युनियनचं कोण ऐकतं" हे रडगाणं माझ्यापुढे नको. गुजरात सरकारने एप्रिल 2020 मध्ये बारा तासांच्या कामाला मुभा दिली, जादा तासांची दुप्पट मजुरीही काढून घेतली. गुजरात मजदूर सभा ही युनियन सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 1 ऑक्टोबरला ते फर्मान रद्द झालं. तुला तर कोर्टाची पायरीही चढायची नव्हती. टेप धरायची होती.

टेप कपाटात आहे, घे. उद्या पहिली पाळी सुटायच्या आत मोजमाप, डोकी आणि बंद पंखे लिहून समितीपुढे ठेव. प्रत कारखाना निरीक्षकाला. मॅनेजरची सही अजून व्हायची आहे ना? मग तुझी सही खोड. आत्ता, माझ्यासमोर.