पानथरीविना

नांदेड-लातूर रस्त्यावर दुचाकी घसरते, हँडल डाव्या बरगडीखाली घुसते आणि धडधाकट माणूस तासाभरात पांढराफटक पडतो. बाहेर रक्ताचा थेंबही नसतो, आत पानथरी फुटलेली असते. ती काढतात, माणूस वाचतो, टाके निघतात. घरी जाताना मिळालेल्या कागदावर पानथरी काढल्याची नोंद असते, पण ती इंग्रजीत, चार ओळींच्या मधोमध. पुढे आयुष्यभर काय सांभाळायचे, हे त्याला समजेल अशा भाषेत कुणी सांगितलेच असेल असे नाही. माझ्या मते शस्त्रक्रियेइतकेच हे सांगणेही उपचारच आहे.

चरकाने यकृत आणि प्लीहा, म्हणजेच पानथरी, यांना रक्तवह स्रोतसांचे मूळ मानले. ग्रीक वैद्यांनी पानथरी या अवयवात काळे पित्त आणि खिन्नता पाहिली. आधुनिक शल्यशास्त्र मात्र बराच काळ तो नसला तरी चालतो असे समजून वागले. १९५२ मध्ये किंग आणि शुमाकर या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी पानथरी काढलेल्या पाच तान्ह्या मुलांना झालेल्या भयंकर जंतुसंसर्गाची नोंद केली, तेव्हा या समजाला धक्का बसला.

असा संसर्ग का होतो? न्यूमोकोकससारख्या जंतूंभोवती शर्करेचे कवच असते. पानथरी त्यांना रक्तातून गाळून घेते. तिच्यातल्या खास बी-पेशी टी-पेशींची वाट न पाहता त्या कवचाविरुद्ध प्रतिपिंडे बनवू लागतात. म्हणून निव्वळ शर्करेची जुनी लस पानथरी नसलेल्या शरीरात अनेकदा तोकडी पडते. संयुग्म लसीत हीच शर्करा एका प्रथिनाला जोडलेली असते. प्रथिन दिसले की टी-पेशी मदतीला येतात आणि स्मृती लसिकाग्रंथींत टिकते. शस्त्रक्रिया ठरवून होणार असेल, तर लस निदान दोन आठवडे आधी देतात; अपघातात ती सवड नसते, म्हणून नंतर दोन आठवड्यांनी. पण लसीने प्रतिपिंडे मिळाली तरी गाळणी परत येत नाही.

किनवट-माहूरकडच्या आदिवासी वस्त्यांत गोष्ट आणखी अवघड होते. सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या मुलाच्या पोटावर टाक्यांचा व्रण नसतो. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक वाहिन्यांत अडकत राहतात आणि पानथरी आतल्या आत निकामी होते. भारतात आढळणाऱ्या सिकलसेलमध्ये ती पुष्कळदा मोठी होऊन राहते. डॉक्टरांच्या हाताला लागते, पण नीट काम करत असेलच असे नाही. खरी साक्ष सूक्ष्मदर्शकाखाली मिळते. तांबड्या पेशीत एक गडद जांभळा ठिपका दिसतो, केंद्रकाचा उरलेला कण. निरोगी पानथरीने तो केव्हाच टिपून काढला असता. बोटाच्या टोकावरच्या रक्ताच्या थेंबात हे सारे दिसते, फक्त कुणीतरी पाहायला हवे. अशा लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्यास न्यूमोकोकसचा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो, हे १९८६ मध्येच एका अमेरिकी चाचणीने दाखवले आहे.

मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे. २०२१ पासून न्यूमोकोकल संयुग्म लस देशभरातल्या बाळांना सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात व नवव्या महिन्यात मोफत मिळते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली अशी लसही आता आहे. ही लस बाळाला वाचवते, शिवाय त्याच्या नाकाघशात जंतूला ठाण मांडू देत नाही. मग शेजारच्या पानथरी नसलेल्या माणसापर्यंत तो जंतू पोचण्याची शक्यता कमी होते. आपण प्रतिकारशक्तीला ज्याच्या त्याच्या अंगातली ताकद समजतो. इथे तिचा एक भाग दुसऱ्याच्या अंगणात रांगणाऱ्या पोराच्या घशात असतो, आणि त्या पोराला किंवा त्याच्या आईला याची कल्पनाही नसते.

तरी लसीत जंतूचे सगळे प्रकार मावत नाहीत. पानथरी नसलेल्याला थंडी वाजून ताप भरला, तर सकाळची वाट पाहणे परवडत नाही. संसर्ग काही तासांत जीव घेऊ शकतो. माहूरहून नांदेडचे मोठे रुग्णालय शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. म्हणून डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रतिजैविकाची पहिली मात्रा घरातच असावी लागते, आणि ती घेऊन त्याच रात्री जवळच्या दवाखान्याकडे निघावे लागते.