बैलाचा खांदा आणि आमची दया

२०२४ च्या कार्तिकी एकादशीला आमच्या भजनी मंडळाने एक संकल्प केला. पुढल्या कार्तिकीपर्यंत कीर्तनात, शाळेत आणि आठवड्याच्या बाजारात भूतदयेचा प्रचार करायचा. आणि तोही मोघम नव्हे, तर आपल्या गावच्या रस्त्यावरून जाणाऱ्या मुक्या जनावरांसाठी. वाचकहो, त्या वर्षाचा हिशेब आपल्यापुढे ठेवीत आहोत. जमेपेक्षा खर्चाची बाजू मोठी आहे, आणि एक प्रश्न तर अजून शिल्लकच आहे.

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यात, उसाच्या पट्ट्यात. दिवाळी झाली की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, माळावर कोप्या उभ्या राहतात आणि पुढचे चार-पाच महिने रस्ता उसाच्या गाड्यांचा होतो. ट्रॅक्टर वाढले खरे, पण बैलगाड्या अजून पुष्कळ आहेत. टायरगाडीवर मोळ्यांचा असा डोंगर रचतात की मागून पाहणाऱ्याला बैल दिसतच नाहीत. चढाला बैल गुडघे टेकतो, तोंडाला फेस येतो, आणि वरून पराणीची आर टोचते. खांदे सुजलेले, कुठे कुठे सोलून लाल झालेले. हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो, आणि तोंडाने ज्ञानोबा-तुकाराम म्हणत त्याच रस्त्याने बाजूने निघून जात आलो!

प्रचाराला आम्ही विषय घेतला पैठणच्या रेड्याचा. रेड्याच्या मुखी वेद आले, हा भाग श्रोत्यांना पाठ असतो. पण त्याआधी रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला आणि वळ माउलींच्या अंगावर उठले असे जे सांगतात, तो भाग घाईने उरकला जातो. आमच्या मते खरा चमत्कार तोच. वेद म्हणणारा रेडा पुन्हा कोणी पाहिला नाही. दुसऱ्याचा वळ आपल्या अंगावर उठणे मात्र घरोघरी घडते. पोराला ताप आला की आईचे अंग तापते, ते काय दुसरे आहे?

कीर्तनाच्या जोडीला कायदाही सांगितला. राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी हा विषय लावून धरला म्हणून १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. १९६५ साली ओझ्याच्या जनावरांसाठी नियम झाले. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये. सलग पाच तासांनंतर विसावा द्यावा. पारा सदतीस अंशांच्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन जुंपू नये. टोचणारी काठी तर वापरूच नये. हे सारे मोठ्या अक्षरांत छापून आम्ही कारखान्याच्या वाटेवरच्या चहाच्या टपरीवर चिकटवले. मोठे काम केले असे आम्हाला वाटले.

माघातल्या एका रात्री कोप्यांपुढे कीर्तन ठेवले. पहाटे तीनला फडात जाणारी माणसे, तरी बसली बिचारी. आरती झाल्यावर एक गाडीवान उठला, हात जोडून म्हणाला, "महाराज, राग नका मानू. नऊ तासानं बैल सोडा म्हंता. मला कोण सोडतंय? मुकादमाची उचल डोक्यावर हाय, पैसा टनावर मिळतो. गाडी हलकी भरली तर खेपा वाढत्यात, मग बैलाचंच पाय जात्यात. आन् काट्यावर नंबर लागंपत्तुर रातभर बैल जुवाखालीच उभा. ते तुमच्या कागदात कुठं लिवलंय? बैल मेला तर मी मेलो, एवढं मला कळतंय."

आम्ही गप्प झालो. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ज्या धंद्यात 'एक कोयता' म्हणून मोजतात, तिथे माणूसच मोजणीत अर्धा धरलेला. त्याला आम्ही जनावराची दया शिकवायला निघालो होतो. त्याहून शरमेची गोष्ट दुसऱ्या दिवशी कळली. त्या माणसाच्या गाडीत त्या आठवड्यात जो ऊस जात होता, तो आमच्याच एका टाळकऱ्याचा. फड हा शब्द आपल्याकडे दोन्हीकडे चालतो, वारकऱ्यांचाही फड आणि उसाचाही. आमच्या मंडळातले निम्मे लोक दोन्ही फडांतले. ऊस वाळून वजन घटू नये म्हणून 'भर रे लवकर, भर' असे ओरडणारे तेच, आणि संध्याकाळी टाळ हाती घेणारेही तेच.

मग मंडळात वाद पेटला. एक पक्ष म्हणाला, गाडीवानाचा काही दोष नाही, दोष धंद्याचा. आधी माणसाचे बघा, मग बैलाचे. आम्हाला हे पूर्ण पटत नाही. गरिबी हे कारण आहे, पण ते कारण माणसाला सांगता येते. बैलाला फक्त आर कळते. पोटासाठी टोचली म्हणून ती कमी खुपत नाही. आणि माणसाचे सारे नीट होईपर्यंत बैलाने थांबावे म्हटले, तर त्याच्या आयुष्यात तो दिवस यायचा नाही. दुसरा पक्ष म्हणाला, मग गाडीवानाला दंड करा. हेही पटत नाही. पराणी एकाच्या हातात दिसते, पण तिला मागून रेटणारे हात पुष्कळ आहेत आणि त्यांत आपलाही आहे. ज्याचा हात दिसतो त्यालाच पापी ठरवणे सोपे पडते, एवढेच. बैलाची दया करायची तर गाडीवानाच्या डोक्यावरून हात लांबवून करता येत नाही. दोघेही एकाच जुवाखाली आहेत.

त्यानंतर कीर्तने कमी केली. ज्या टाळकऱ्याचा ऊस होता त्याने स्वतःहून बांधाकडचा खचका रस्ता मुरूम टाकून नीट केला. गाडी तिथेच रुतत असे आणि आर तिथेच जास्त चाले. त्या चार खेपा मुरमाने जे झाले ते आमच्या तीन महिन्यांच्या प्रवचनांनी झाले नव्हते. चढाच्या पायथ्याशी पाण्याचा हौद बांधला. तालुक्याचे गुरांचे डॉक्टर दोनदा येऊन खांदे पाहून गेले. चढाला ट्रॅक्टर लावून गाडी ओढून द्यायची पाळी मंडळाने घेतली, ती नेटाने फक्त तीन आठवडे चालली. काट्यावर थांबणाऱ्या बैलांना सावली आणि पाणी मिळावे म्हणून अर्ज दिला, त्याचे उत्तर आलेले नाही. अकरा गाडीवानांनी पराणीची आर काढून दिली. त्यांतल्या दोघांनी पुढे पुन्हा ठोकली, हेही लिहून ठेवतो.

शिल्लक राहिलेला प्रश्न प्रसादाचा आहे. आमचे वृद्ध विणेकरी म्हणतात, साखरफुटाणे नि बत्तासे विठोबापुढे ठेवताना त्यांना आता तो खांदा दिसतो. प्रसादात साखर नको. कोणी म्हणाले गूळ ठेवा. तर गूळ काय आभाळातून पडतो? नुसते चुरमुरे ठेवावेत असेही निघाले, पण मग तोडणी बंद झाली तर कोपीतल्या चुली कशावर पेटणार, हे विचारणारेही होते. २०२५ ची कार्तिकी झाली, तरी यावर एकमत झालेले नाही. विणेकरीबुवा प्रसाद घेतात, कपाळाला लावतात आणि साखर तेवढी शेजारच्या पोराच्या हातावर ठेवतात.

टोळ्या आल्या आहेत. हौदाला तळाशी चीर गेली आहे, ती या आठवड्यात बुजवायची आहे.