आकाशातला वाटा

खडकाळ, दुर्गम वाटांवर सहा-आठ गाड्यांनी मिळून जायचे ठरले की वॉकी-टॉकी कोणता घ्यावा, हा प्रश्न बहुधा पल्ल्याच्या अंगाने विचारला जातो: किती किलोमीटरपर्यंत ऐकू येईल? त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न आहे. बोलणारा ज्या आकाशात बोलतो ते त्याच्या एकट्याचे नाही. मग त्यातले किती त्याने व्यापावे?

कणादांच्या वैशेषिक दर्शनात आकाश एक, नित्य आणि सर्वव्यापी मानले आहे. शब्द हा त्याचा गुण. रेडिओलहरी म्हणजे कणादांचा शब्द नव्हे, तेव्हा प्राचीनांना सगळे ठाऊक होते असे म्हणण्यात अर्थ नाही. उपयोगाची आहे ती एवढीच गोष्ट, की आकाशाचे तुकडे पाडता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालय वेगळ्या वाटेने याच्या जवळपास पोचले: क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात फेब्रुवारी १९९५ मध्ये त्याने प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरवली. विनोबांनी १९५१ पासून भूदानासाठी हीच मांडणी उलट दिशेने केली होती. हवा-पाण्यावर जशी कुणाची मालकी नाही, तशी जमिनीवरही नसावी. त्यांच्या युक्तिवादात हवा हे निर्विवाद उदाहरण होते. बिनतारी संच हाती आला की नेमके तेच वादात सापडते.

कायद्याने या वादाला अपरिग्रहाच्या जवळचे उत्तर दिले आहे. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने बिनतारी यंत्र वापरणेच नव्हे, परवान्याशिवाय जवळ बाळगणेही गुन्हा ठरवले. २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या चिंचोळ्या पट्ट्यातील कमी शक्तीच्या संचांना परवान्यातून सूट दिली; संचाच्या प्रकाराला सरकारी मान्यता मात्र असावी लागते. पट्टा अवघा २०० किलोहर्ट्झचा. साडेबारा किलोहर्ट्झच्या हिशेबाने त्यात सोळा चॅनेल बसतात. कुणीही यावे, पण थोडे घेऊन, असा हा सौदा आहे. याउलट बाजारातला पाच वॅटचा, हवी ती फ्रिक्वेन्सी भरता येणारा स्वस्त संच पोलिसांच्या किंवा वनखात्याच्या वाहिनीवरही सहज जाऊन बसतो. मालकाचा हेतू वाईट नसेल; जंगलात हाक मारणाऱ्या वनरक्षकाला त्या हेतूचा काही उपयोग नाही.

शक्ती जास्त घेण्यात काय वावगे, असे विचारता येईल. हे संच ज्या एफएम पद्धतीने बोलतात तिच्या स्वभावात त्याचे उत्तर आहे. एकाच चॅनेलवर दोन संकेत आले, तर एफएमचा रिसीव्हर त्यांतला जोरकस पकडतो आणि दुबळा जवळजवळ पुसून टाकतो. जोरकस संचाच्या धन्याला आपण कुणाला गप्प केले हे कळतही नाही. ताफ्यात दुबळा संकेत बहुधा शेवटच्या गाडीचा असतो, आणि रुतलेली गाडीही बरेचदा तीच असते.

‘प्रायव्हसी कोड’ नावाची सोय याहून फसवी आहे. त्यात आवाजासोबत एक मंद सूर जातो आणि तो सूर नसलेले सगळे बोलणे संच मालकाला ऐकवत नाही. मालकाचे बोलणे मात्र इतरांपासून लपत नाही. शेजारी नाहीसा होत नाही, फक्त ऐकू येईनासा होतो. म्हणजे ज्याला खासगीपण म्हणून विकले जाते ते आपले अज्ञान असते. संच घेताना बोलण्याआधी चॅनेल खरोखर मोकळे आहे का, हे ऐकू देणारे मॉनिटरचे बटण त्यावर आहे ना, हे पाहणे पल्ल्याच्या छापील आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे. तो आकडा अडथळाविरहित माळाचा असतो. नागपूर जिल्ह्यात उमरेडकडच्या सपाट शेतशिवारात अर्ध्या वॅटवर जे जमते ते रामटेक-देवलापारच्या टेकड्यांत, पावसाळ्यात ओल्या पानांनी भरलेल्या सागवनात जमत नाही. गाडीचा पोलादी सांगाडा त्यातले आणखी थोडे खातो.

किती व्यापावे याच्या जोडीला कसे बोलावे हाही प्रश्न आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी अनुयायांसह ज्या धम्माची दीक्षा घेतली, त्याच्या अष्टांगिक मार्गात सम्यक वाणीचा समावेश आहे. सत्य, वेळेवर, हिताचे बोलणे ही तिची लक्षणे. एकाने बटण दाबले की त्याला स्वतःला काही ऐकू येत नाही, अशा यंत्रावर ही लक्षणे शिष्टाचार न राहता सुरक्षेची अट होतात.

मग गरज खरोखर मोठी असेल तर? अपरिग्रह म्हणजे जखमी माणसाला दरीत टाकून देणे नव्हे. हॅम परवान्याची परीक्षा देऊन जास्त शक्तीचा संच रीतसर वापरता येतो. त्यात प्रत्येक बोलणाऱ्याला आपले संकेतनाव उघडपणे सांगावे लागते, आणि पैसे घेऊन काढलेल्या सहलीच्या कामाला तो परवाना चालत नाही. त्याआधीचा उपाय फुकटचा आहे: ताफ्यातले अंतर कमी ठेवायचे आणि मधल्या गाडीने पुढचा निरोप मागे, मागचा पुढे पोचवायचा. त्यासाठी मधल्या गाडीत चालकाशिवाय एक माणूस सतत कान देऊन बसलेला हवा.