मोडत्या घराचा हिशेब

घटस्फोटाविषयी आपल्या मंडळ्यांतून दोनच ठिकाणी बोलले जाते : उपदेशपीठावरून, आणि उपासना आटोपल्यावर फाटकापाशी. पहिल्या ठिकाणी तत्त्व सांगतात, दुसऱ्या ठिकाणी नावे घेतात. ज्या बहिणीचा वा बंधूचा संसार खरोखर मोडत आहे त्यांना पडणारा एक प्रश्न मात्र दोन्हीकडे निघत नाही. प्रकरण कोर्टात जाण्यापूर्वी घरच्या पैशांचा अंदाज घेऊन ठेवावा काय? की असा अंदाज घेणे म्हणजे मनाने विवाह मोडून बसणेच होय?

समेटाचे सर्व मार्ग आधी चोखाळावेत हे आम्हांस मान्य आहे, त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. परंतु "पैशांकडे पाहू नकोस, प्रभू चालवील" असा बोध एखाद्या पत्नीला करणारे गृहस्थ स्वतः दर महिन्याला पासबुक भरून आणतात, हेही ध्यानात घ्यावे.

हनन्या व सप्पीरा यांची कथा आपण शब्बाथ शाळेत दानाच्या संदर्भात शिकवतो. तिच्यात विवाहाविषयीही काही आहे. पेत्राने नवऱ्याचे उत्तर तेच बायकोचे असे धरले नाही. सुमारे तीन तासांनी ती आली तेव्हा जमिनीची किंमत त्याने तिला निराळी विचारली. घरातील पैशांबद्दल पत्नीला स्वतंत्रपणे उत्तर द्यावे लागत असेल, तर ते किती व कोठे आहेत हे जाणण्याचा तिला अधिकारही असलाच पाहिजे. शिवाय त्या दोघांचा दोष पैसे राखून ठेवण्यात नव्हता, राखलेले लपवून खोटे सांगण्यात होता. आम्हांला वाटते, आपल्या प्रश्नाची सीमारेषा नेमकी येथेच आहे.

कायद्यालाही ती ओळखायला फार वेळ लागला. आपल्याला लागू असलेला घटस्फोटाचा कायदा १८६९ सालचा. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती होईपर्यंत पतीला पत्नीचा केवळ व्यभिचार दाखवला की पुरे होत असे, पण पत्नीला बहुधा व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा त्यागही शाबीत करावा लागे. दावा चालू असतानाची पोटगी पतीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ उत्पन्नाच्या एक पंचमांशापलीकडे जात नसे. ती मर्यादा २००१ साली गेली. उलटपक्षी, विवाहित स्त्रीने स्वतः कमावलेले व त्यातून शिल्लक टाकलेले तिचेच, हे ख्रिस्ती स्त्रीच्या बाबतीत १८७४ च्या कायद्यापासून ठरलेले आहे. आमच्या कित्येक शिक्षिका व परिचारिका भगिनींना याची वार्ताही नसते. पगार झाला की तो जसाच्या तसा पतीच्या हाती देतात. प्रेमाने देत असतील तर उत्तमच, पण तसे देणे बंधनकारक आहे असे समजून देऊ नये.

२०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले की पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, मिळकत व देणी प्रतिज्ञापत्रावर उघड करावीत. म्हणजे जे पुढे शपथेवर लिहायचे ते आधीच जुळवून ठेवणे, एवढीच ही तयारी. बँकेची खाती, मुदत ठेवी, भविष्यनिर्वाह निधी, विम्याचे हप्ते, घराचे खरेदीखत, अंगावरचे दागिने, मुलांची फी. यांच्या नकला काढून ठेवण्यात कोणाचे काय जाते? कर्जाकडे तर विशेष लक्ष द्यावे. गृहकर्जाच्या कागदावर दोघांच्या सह्या असतील तर बँक दोघांनाही धरते. घटस्फोटाचा हुकूम दाखवून एकाला सुटता येत नाही. जामीन राहिलेल्याचेही तेच. नॉमिनी म्हणून लिहिलेले नावही हुकूमनाम्याने आपोआप पुसले जात नाही, ते स्वतः जाऊन बदलावे लागते.

परंतु दोघांपैकी कोणीही सही करून पैसे काढू शकेल अशा खात्यातून आदल्या दिवशी सारी रक्कम उचलणे, प्लॉट घाईघाईने भावाच्या नावे करणे, उत्पन्न कमी दिसावे म्हणून नोकरीचा राजीनामा देणे, हे आम्ही तयारी म्हणणार नाही. वकिलाने सुचविले म्हणून त्याचे नाव बदलत नाही. या बाबतीत पुरुषांकडून अधिक घडते हे खरे, कारण कागद बहुधा त्यांच्याच कपाटात असतात. दागिन्यांच्या बाबतीत मात्र स्त्रियाही मागे नसतात.

आमच्या गोव्यातील वाचकांची स्थिती निराळी आहे. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसल्यास, पतिपत्नींची मिळकत समाईक धरली जाते आणि जोडीदाराच्या संमतीवाचून घर विकता येत नाही. घाट चढून बेळगावात आले की हे संपते. येथे ज्याच्या नावे खरेदीखत त्याचे घर, मग वीस वर्षे हप्ते कोणाच्याही पगारातून गेलेले असोत. ते हप्ते कोणी भरले याच्या पावत्या जपून ठेवणे हा संशयीपणा कसा म्हणावा?

सर्व काही उघडपणे करावे असे आम्ही म्हणतो, त्याला एक अपवाद आहे. जेथे मारहाण आहे, तेथे पत्नीने नकला गुपचूप काढल्या, स्वतःचा पगार दुसऱ्या खात्यात वळविला, तर त्यास कपट म्हणू नये. ती दुसऱ्याचा वाटा लपवीत नाही, स्वतःला वाचवीत आहे. अशा बहिणीला ते कागद घरात ठेवण्याची सोय नसते आणि माहेर दूर असते. तिचे एक बंद पाकीट पाळकसाहेबांच्या कपाटात राहू शकेल काय, याचा विचार पंचांनी येत्या बैठकीत करावा. आत काय आहे हे विचारण्याची गरज नाही.