मुख्य पाटा का तुटतो?

शास्त्रवाचन : गलतीकरांस पत्र ६:१-५



पुण्याहून बेंगळुरूस रस्त्याने गेलेल्यांस मागच्या बाजूस खाली बसलेला ट्रक नवीन नाही. तोंड किंचित वर, मागचे अंग एका कुशीवर कललेले, आणि प्रत्येक खड्ड्यात चाक हौद्याला घासते की काय अशी पाहणाऱ्यासच धास्ती. सुमारे ८४० किलोमीटरचा हा रस्ता, पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ४, आताचा ४८. त्यावरून महाराष्ट्राचा कांदा बेंगळुरूच्या यशवंतपूर बाजार आवारात जातो. तेथील ट्रक टर्मिनलच्या परिसरात पाटे दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानापुढे गेल्या वर्षी मला अर्धा दिवस बसावे लागले. ज्यांच्या घरी मी उतरलो होतो ते गृहस्थ ट्रकमालक. त्यांच्या गाडीचा मागचा पाटा तुटला होता.

कारागिराने तुटलेल्या पाट्यास प्रथम हातच लावला नाही. त्याने गाडीतला माल उतरविण्यास सांगितले. मग जॅक लावून चासी उचलली, तिच्याखाली भक्कम ठोकळे दिले, चाके काढली, आणि त्यानंतरच आसाला पाट्यांशी जखडून ठेवणारे यू-बोल्ट सैल केले. मालकांस घाई होती. परंतु दाबलेल्या पाट्यांत एवढा जोर साठलेला असतो की भाराखाली असताना बोल्ट सोडणे म्हणजे जिवाशी खेळ. आधी भार उतरवावा, मग दुरुस्ती.

पाटे सुटे होऊन जमिनीवर आले तेव्हा एक गोष्ट माझ्या प्रथमच ध्यानात आली. सर्वांत वरचा, सर्वांत लांब तो मुख्य पाटा. त्याची दोन्ही टोके गोल वळवून चासीला अडकविलेली असतात. त्याखालचे पाटे क्रमाक्रमाने आखूड. मला वाटले होते की सर्वांचा बाक सारखाच असेल. तसे नव्हते. पाटा जितका आखूड तितका अधिक वाकलेला! मधल्या बोल्टने सगळे एकत्र आवळले की आखूड पाटे थोडे सरळ होतात आणि मुख्य पाट्याला भाराच्या उलट दिशेने रेटून धरतात. पुढे माल चढतो तेव्हा मुख्य पाट्यावरचा ताण तेवढा कमी पडतो. धाकट्यांनी तो आधीच आपल्या अंगावर घेतलेला असतो. बाहेरून पाहणाऱ्यास मात्र वाटते की गाडी मोठ्या पाट्यानेच पेलली आहे.

मग कारागिराने तुटलेली तोंडे आम्हांस दाखविली. मुख्य पाट्याची चीर ताजी होती, धातू चकाकत होता. खालचे दोन आखूड पाटेही तुटलेले होते. परंतु त्यांच्या तोंडावर जुना, तांबडा गंज चढलेला होता. ते कित्येक महिन्यांपूर्वीच गेले होते. गाडी चालत होती, म्हणून कोणी वाकून पाहिले नाही.

मालक म्हणाले, आणखी एक पाटा घाल, गाडी चांगली वर उचल. कारागीर तयार होता, पण त्याने बजावले की पाटा वाढविला तरी आस तोच राहतो, ब्रेक तेच राहतात. चार टायरांच्या एका आसावर १०.२ टन भाराची मुभा होती, ती २०१८ साली ११.५ टन झाली. ही मर्यादा आसाची आहे. खाली पाटे किती घातले हे कायदा विचारीत नाही. शिवाय पाटा वाढला की रिकामी गाडी दगडासारखी उडते. आणखी एक सोपा मार्ग काही जण धरतात : बसलेल्या पाट्यावर गॅसची ज्योत धरून त्याला पुन्हा बाक आणावयाचा. गाडी त्याच दिवशी वर येते. परंतु अशा तापविण्याने पोलादाचे पाणी उतरते आणि थोड्याच दिवसांत गाडी पूर्वीपेक्षा खाली बसते. रीतसर करावयाचे तर पाटा भट्टीत सारखा तापवून, तेलात विझवून, पुन्हा बेताने तापवून त्याला पाणी द्यावे लागते. त्याला वेळ लागतो.

आता शास्त्रभाग उघडा. पहिल्या वचनात पौल प्रेषित पडलेल्या बंधूला पुन्हा नीट करावयास सांगतो. तेथील मूळ ग्रीक क्रियापद मत्तयाच्या चौथ्या अध्यायातही आले आहे. याकोब व योहान फाटकी जाळी नीट करीत बसले होते, त्या कामासाठी. म्हणजे शब्द कारागिराचा आहे. आणि हे काम सौम्यतेने करावे अशी अट लगेच जोडलेली आहे. ज्योत धरून वाकविण्याची परवानगी तेथे नाही.

पुढे दुसऱ्या वचनात तो एकमेकांची ओझी वाहावयास सांगतो, आणि पाचव्यात प्रत्येकाने आपलाच भार वाहावा असे म्हणतो. अनेकांस येथे विसंगती दिसते. मूळ शब्द दोन आहेत. दुसऱ्या वचनातील ‘बारोस’ म्हणजे चिरडून टाकणारे वजन. पाचव्यातील ‘फोर्तिओन’ म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याचा माल. आपले ओझे हलके आहे असे प्रभू येशू मत्तय ११:३० मध्ये सांगतो, तेथेही हाच दुसरा शब्द आहे. वाट्याचा माल प्रत्येकाने न्यावा. परंतु एकाच्या पाठीवर साऱ्यांचा माल रचून ठेवावा, आणि ती पाठ मोडली की तिच्या विश्वासाची तपासणी करावी, असे पौल कोठेही म्हणत नाही.

हे मी परक्या मंडळीविषयी लिहीत नाही. आमच्या मंडळीत एक भगिनी होती. संडे स्कूल तिच्याकडे, गायनसंघ तिच्याकडे, महिला मंडळाचा हिशेब तिच्याकडे, आजाऱ्यांच्या भेटीही तिच्याकडे. ती थकल्याचे दिसले तेव्हा आम्ही तिला एक मदतनीस दिली, आणि मदतनीस मिळाली म्हणून नाताळचा कार्यक्रमही तिच्यावर सोपविला. मागील वर्षी तिने येणे थांबविले. वडिलांच्या सभेत प्रश्न निघाला की ही विश्वासात थंड झाली काय? मीही मान डोलावली.

बेंगळुरूहून परतताना मला तो गंज आठवत राहिला. गायनसंघात पेटी वाजविणारा तरुण दोन वर्षांपूर्वी निघून गेला. त्याच्या घरी कोणी गेले नाही. मुलांना वचने पाठ करवून घेणारी एक विधवा बाई गुडघेदुखीमुळे घरीच राहू लागली. तिच्यासाठी रिक्षा पाठविण्याचे कोणाला सुचले नाही. त्यांची नावे आमच्या अहवालांत कधी आली नव्हती. काम चालू होते, म्हणून आम्ही वाकून पाहिले नाही.

परवा मी त्या तरुणाच्या घरी जाऊन आलो. तो फार बोलला नाही. पेटीवर मात्र धूळ नव्हती. भगिनीच्या घरीही गेलो, आणि तिने परत यावे असा शब्द काढला नाही. क्षमा मागितली, चहा घेतला, उठलो.

येत्या रविवारी आमची वार्षिक सभा आहे. विषयपत्रिकेत पहिला विषय तिच्या सत्काराचा होता. तो मी खोडून त्या जागी चार ओळी रिकाम्या ठेविल्या आहेत : संडे स्कूल, गायनसंघ, हिशेब, भेटी. प्रत्येक ओळीपुढे दोन नावांची जागा आहे. पहिल्या ओळीत एक नाव मी माझे घातले आहे.